लॅपटॉप कोणाचा, वेळ कोणाची?

आपल्या चळवळीत कामाच्या साधनांचा प्रश्न निघाला की डोळ्यांसमोर पहिल्यांदा उभा राहतो तो गटारात उतरणारा माणूस. ना हातमोजे, ना मुखवटा, ना कमरेला दोर. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. तरी माणसे मरतातच. अशा वेळी वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्या प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर आम्ही लिहायला बसलो, तर एखादा जुना कार्यकर्ता विचारणारच, वकीलसाहेब, तुम्हाला दुसरा विषय मिळाला नाही काय?

आमचे उत्तर असे की विषय तोच आहे. मालकाने काम सांगितले की कामाचे साधन मालकाने द्यायचे, ते धड द्यायचे, आणि ते बिघडले तर त्याचा भुर्दंड काम करणाऱ्याच्या डोक्यावर टाकायचा नाही. गटारात हे तत्त्व मोडले की जीव जातो. संगणकाच्या टेबलावर मोडले की संध्याकाळ जाते, बढती जाते, कधी नोकरी जाते. दोन्हींची बरोबरी आम्ही करीत नाही, कोणी करूही नये. पण आपल्या वस्त्यांतली, समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून फ्रीशिपवर इंजिनीअर झालेली मुले-मुली आज हिंजवडी, खराडी, ऐरोली, पवई येथे प्रोग्रामर म्हणून राबत आहेत. भीमजयंतीची वर्गणी आम्ही त्यांच्याकडून हक्काने घेतो, परिषदेचा बॅनर त्यांच्याकडूनच करून घेतो. ती दिवसाचे दहा-बारा तास जिथे घालवतात त्या जागेबद्दल मात्र चळवळीने एक ठराव केल्याचे आमच्या स्मरणात नाही.

आधी हे काम काय असते ते समजून घेऊ, कारण आपल्या अनेक वडीलधाऱ्या वाचकांना अजून असे वाटते की मुलगा दिवसभर टायपिंग करतो. प्रोग्रामर संगणकाला करायच्या कामाच्या सूचना लिहितो. लिहून झाले की त्या सूचना यंत्राला समजतील अशा रूपात बदलून घ्याव्या लागतात, त्याला कंपाइल करणे म्हणतात. मग त्या चालवून बघायच्या, चूक शोधायची, दुरुस्त करायची, पुन्हा कंपाइल करायचे. दिवसातून ही फेरी पन्नासदा होते, शंभरदा होते. यंत्र चांगले असेल तर एक फेरी काही सेकंदांत संपते. यंत्र जुने असेल, मेमरी अपुरी असेल, वर कंपनीचा अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून तपासत असेल, तर तीच फेरी पाच मिनिटे घेते. शिवाय अनेकांचे खरे काम टेबलावरच्या यंत्रावर होतच नाही. परदेशातल्या ग्राहकाच्या संगणकाची खिडकी उघडून त्यात काम करायचे असते. तिथे एक अक्षर टाइप केले की ते पडद्यावर उमटायला क्षणभर लागतो. दिवसभर असे काम करून बघावे म्हणजे कळेल. बोथट विळ्याने गवत कापणाऱ्या बाईला विचारा, तिला हे समजावून सांगावे लागणार नाही.

यंत्राबरोबर खुर्ची येते, पडद्याची उंची येते, आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे शांतता येते. हे काम डोक्यात एकाच वेळी दहा धागे धरून करायचे असते. शेजारी कोणी मोठ्याने फोनवर बोलू लागले की दहाही सुटतात, आणि पुन्हा धरायला पंधरा मिनिटे जातात.

हे सारे मालकांना माहीत नाही असे समजू नये. या धंद्यातल्या शहाण्या लोकांनी ते फार पूर्वीच लिहून ठेवले आहे. आयबीएमने १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात सान्ता तेरेसा येथे प्रोग्रामरांसाठी खास इमारत उभी केली. तिच्या आराखड्यात प्रत्येकाला १०० चौरस फुटांची स्वतंत्र खोली आणि ३० चौरस फुटांची कामाची जागा धरली होती, आणि आवाजापासून संरक्षण. १९८२ साली त्याच कंपनीच्या डोहर्टी आणि थडानी या दोघांनी दाखवून दिले की संगणकाने एका सेकंदाच्याही आत प्रतिसाद दिला तर वाचलेल्या वेळापेक्षा कितीतरी जास्त काम पदरात पडते, कारण माणसाची विचारांची साखळी तुटत नाही. टॉम डीमार्को आणि टिमथी लिस्टर यांनी १९८४ ते १९८६ या काळात ९२ कंपन्यांतल्या ६०० हून अधिक प्रोग्रामरांना एकच काम देऊन बघितले. सर्वांत सरस ठरलेल्या चौथाई लोकांना सरासरी ७८ चौरस फूट जागा होती, सर्वांत मागे पडलेल्या चौथाईला ४६. जागेमुळेच ते सरस ठरले हे यातून सिद्ध होत नाही, आणि त्या दोघांनीही तसा दावा केला नाही. चांगली माणसे चांगल्या जागेकडे जातात असेही असू शकेल. पण मालकाला तरी यातले कोणते उत्तर परवडण्यासारखे आहे?

पुढे २००० साली जोएल स्पोल्स्की या अमेरिकन प्रोग्रामरने एखादी सॉफ्टवेअर कंपनी बरी की वाईट हे ओळखण्यासाठी बारा प्रश्नांची एक परीक्षा तयार केली. ती जगभर गाजली. तिच्यातला आठवा प्रश्न शांत जागेबद्दल आहे आणि नववा असा की पैशाने मिळू शकणारी सर्वोत्तम साधने तुम्ही वापरता का. त्याचे म्हणणे साधे होते. प्रोग्रामर महाग, यंत्र स्वस्त. महागड्या माणसाला स्वस्त यंत्रासमोर ताटकळत बसवणे हा निव्वळ व्यापारी मूर्खपणा.

अमेरिकेत हा हिशेब जुळतो. आपल्याकडे का जुळत नाही, हा खरा प्रश्न आहे.

आपण एक हिशेब करू. समजा एका मुलाला महिना ५० हजार पगार आहे. महिन्याचे २२ दिवस, दिवसाचे आठ तास, म्हणजे १७६ तास. संथ यंत्रामुळे त्याचा रोज अर्धा तास वाया गेला तर महिन्याचे ११ तास झाले. पगाराच्या हिशेबाने ३,१२५ रुपये, वर्षाला ३७,५००. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवायला आणि मेमरी वाढवून द्यायला याहून कमी पैसे लागतात. मग कंपनी ते का करीत नाही? कंपनीच्या हिशेबनिसाला बेरीज-वजाबाकी येत नाही असे तर नाही.

कारण असे की तो अर्धा तास कंपनीचा वाया जातच नाही. तो मुलाचा जातो. काम संपेपर्यंत त्याने बसायचे असते. सहा वाजता सुटणारा साडेसहाला उठतो, सात वाजता उठतो, शेवटची कंपनीची बस चुकली तर स्वतःच्या खिशातून रिक्षा करतो. जादा तासाचा पैसा नाही, तेव्हा कंपनीच्या वहीत तो तास कुठे उमटतच नाही. उलट जिथे परदेशी ग्राहकाकडून तासांवर बिल वसूल होते, तिथे ताटकळण्याचा तासही बिलात चढतो. म्हणजे यंत्र संथ असले तर नुकसान ग्राहकाचे आणि प्रोग्रामरचे, मधला सुखरूप. स्पोल्स्कीचा सगळा युक्तिवाद प्रोग्रामरचा वेळ महाग आहे या गृहीतावर उभा आहे. आपल्या मोठमोठ्या सेवा कंपन्यांत नवख्या इंजिनीअरला गेली कित्येक वर्षे वर्षाला तीन-साडेतीन लाखांच्या आसपास घेतात. त्याची संध्याकाळ फुकट मिळते. ज्याची वेळ फुकट आहे त्याला चांगले यंत्र कोण कशाला देईल?

म्हणून मालकाचे हित सांगून मालकाला पटवण्याचा मार्ग आम्हाला अपुरा वाटतो. व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून ही गोष्ट औदार्याची, दूरदृष्टीची म्हणून येते. टेबलटेनिस, फळांची टोपली आणि दोन पडदे, असे एका दमात सांगितले जाते. फळांची टोपली ही मेहेरबानी असेल. यंत्र ही मेहेरबानी नाही, ती मालकाची जबाबदारी आहे.

या दिरंगाईला आपल्याकडे जुना इतिहासही आहे. १९८० च्या आसपास या देशात संगणक आयात करायचा तर परवान्यासाठी दिल्लीच्या खेपा घालाव्या लागत. १९८१ साली पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसलाही आपला पहिला संगणक मिळवायला बराच काळ खपावे लागले. त्या काळी यंत्र लाखमोलाचे आणि माणूस मुबलक. यंत्राच्या सोयीने माणसाने रात्रपाळी करायची हे तेव्हा एक वेळ समजण्यासारखे होते. आज यंत्र कितीतरी स्वस्त झाले, प्रोग्रामरची रोजची कितीतरी सॉफ्टवेअर साधने, लिनक्स काय, २००५ साली आलेले गिट काय, फुकट मिळू लागली. मालकाने खर्च करायचा तो यंत्र, खुर्ची आणि शांतता एवढ्यावरच. तरी मनोवृत्ती परवाना-काळातलीच राहिली. नवा लॅपटॉप आला की तो आधी मॅनेजरच्या टेबलावर जातो. मॅनेजर त्यावर ईमेल वाचतो आणि तक्ते बघतो. त्याचा उतरलेला लॅपटॉप टीम लीडकडे, लीडचा उतरलेला नव्या मुलाकडे. म्हणजे ज्याचे काम सर्वांत जड त्याच्याकडे सर्वांत दुबळे यंत्र. उतरंडीच्या तळाला उतरलेले देण्याची ही रीत आपल्या वाचकांना नवी नाही.

आता यातला भेद कोणाला जास्त जाचतो ते पाहा. एकाच टीममध्ये दोन मुले आहेत. एकाच्या घरी वडील अधिकारी, मोठी बहीण अमेरिकेत, दहावीपासून घरात संगणक. कंपनीचे यंत्र संथ आहे म्हटल्यावर तो स्वतःचा चांगला लॅपटॉप घेऊन येतो, किंवा रात्री घरी बसून स्वतःच्या यंत्रावर काम पुरे करतो. दुसरा परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातून आला. इंजिनीअरिंगची चार वर्षे त्याने वसतिगृहातल्या मित्राचा संगणक मागून काढली. पगारातून भावाचे शिक्षण आणि बहिणीच्या लग्नाचे कर्ज चालू आहे. त्याच्यापाशी जे काही आहे ते कंपनीने दिलेलेच. वर्षाच्या शेवटी दोघांना एकाच फुटपट्टीने मोजतात आणि पहिला पुढे असतो. मग साहेब म्हणतात, काय करणार, मेरिट आहे. त्या मेरिटमध्ये सोळा जीबी मेमरीचा वाटा किती हे कोणी विचारत नाही. आम्ही विचारू. सर्वांना सारखे आणि चांगले साधन मिळाले तर गुणवत्तेची चर्चा करायला आम्ही केव्हाही तयार आहोत.

स्वतःचे यंत्र स्वतः आणा, अशी पद्धत आता कित्येक कंपन्या राजरोस चालवतात. तिला इंग्रजीत आधुनिक नाव आहे. पण गावगाड्यात सुतार स्वतःची करवत घेऊन पाटलाच्या दारात जात असे, लोहाराचा भाता लोहाराचाच असे, आणि खळ्यावर पाटील देईल ते बलुते पदरात घेऊन परत यायचे. हत्यार तुझे, झीज तुझी, वेळ तुझी, मोल मात्र मी ठरवणार. महारकीत तर वेळेलाही बंधन नव्हते; हाक आली की निघायचे. वतनाच्या त्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात मांडले, ते याच अमर्याद राबणुकीवर बोट ठेवून. हिंजवडीतला प्रोग्रामर महार वतनदार आहे असे आम्ही म्हणत नाही, तो राजीनामा देऊ शकतो. पण साधनाचा बोजा काम करणाऱ्यावर ढकलण्याची युक्ती मात्र तीच आहे. गंमत म्हणजे या धंद्यातला एक थोर माणूसही याच निष्कर्षाला आला होता. आयबीएमच्या ओएस ३६० या अवाढव्य प्रकल्पाचे नेतृत्व केलेले फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात हत्यारांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. ज्याची हत्यारे त्याने बाळगायची ही कारखान्यातल्या जुन्या मिस्त्रींची चाल प्रोग्रामरांच्या समूहात चालणार नाही, समूहाने मिळून करायच्या कामाला समाईक साधने लागतात आणि ती संस्थेनेच उभी केली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता.

कर कायदासुद्धा हेच गृहीत धरतो. कंपनीने संगणक विकत घेतला तर तिला वर्षाला ४० टक्के दराने घसारा मिळतो, भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते. कंपनीने कामासाठी लॅपटॉप वापरायला दिला तर ती सुविधा कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरून तिच्यावर कर लावला जात नाही. आणि पगारदार मुलाने तोच लॅपटॉप स्वतः घेतला तर? घसारा नाही, जीएसटीची वजावट नाही. कर भरून हातात आलेल्या पगारातून पूर्ण किंमत मोजायची आणि काम मालकाचे करायचे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा कित्येक कंपन्यांनी डेस्कटॉप टेम्पोत घालून कर्मचाऱ्यांच्या घरी पोहोचवले. ते योग्यच झाले. पण खुर्ची कोण देणार, इंटरनेटचे बिल कोण भरणार, लोडशेडिंग असलेल्या गावात इन्व्हर्टर कोण बसवणार? दहा बाय दहाच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून काम केलेल्या मुलांच्या पाठी त्या दोन वर्षांत कामातून गेल्या. कॅलिफोर्निया राज्याच्या कामगार कायद्यात २८०२ क्रमांकाचे एक कलम आहे. कामासाठी कर्मचाऱ्याला जो आवश्यक खर्च करावा लागला तो मालकाने भरून दिलाच पाहिजे. २०१४ साली तिथल्या अपील न्यायालयाने श्वान्स होम सर्व्हिस कंपनीच्या खटल्यात निकाल दिला की कर्मचाऱ्याला कामासाठी स्वतःचा मोबाइल वापरावा लागत असेल तर बिलाचा वाजवी हिस्सा मालकाने द्यायचा, मग त्याचे बिल त्यामुळे एका पैशाने वाढले नसले तरी. २०२३ मध्ये आयबीएमविरुद्धच्या खटल्यात कंपनी म्हणाली, घरी बसवले ते सरकारच्या आदेशाने, आम्ही नाही. तेही न्यायालयाने ऐकले नाही. खर्च कामासाठी झाला ना, मग द्या.

आपल्याकडे इतके स्वच्छ कलम नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७० मध्ये असे आहे की एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी कायदेशीररीत्या काही केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई द्यावी. घरच्या यंत्राचा आणि इंटरनेटचा खर्च या कलमाखाली मागता येईल असे आमचे मत आहे. ते मत न्यायालयापुढे नेणारा एखादा हिंमतवान अशील मात्र हवा.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी आपल्या मुलांनी पाठच कराव्यात. पहिली परवाना नसलेल्या सॉफ्टवेअरची. छोट्या कंपन्यांत, विशेषतः दहा-पंधरा माणसांच्या, मालक म्हणतो, क्रॅक टाकून घे, सगळेच वापरतात. मुलगा टाकतो. त्याला वाटते की पकडले तर मालक पकडला जाईल. कॉपीराइट कायदा १९५७ चे कलम ६३ ब वाचा. संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणारी कोणतीही व्यक्ती शिक्षेस पात्र आहे. कैद सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत, दंड ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत. धंद्यातल्या नफ्यासाठी वापर नसेल तर कैद टाळण्याची मुभा न्यायालयाला आहे, पण कंपनीचे काम म्हणजे धंदाच. कंपनीच्या जबाबदार माणसांनाही कायदा सोडत नाही, हे खरे. पण कीबोर्डवर बोटे मुलाची असतात, आणि छाप्यात यंत्र त्याच्या टेबलावर सापडते. मालकाचे वाचलेले परवाना शुल्क आणि मुलाच्या नावावर फौजदारी खटला, असा हा सौदा आहे. असे सांगितले की ईमेलवर लिहून मागा. नव्वद टक्के मालक ईमेल लिहिणार नाहीत, हा आमच्या व्यवसायातला अनुभव आहे, आकडेवारी नव्हे.

दुसरी गोष्ट हरवलेल्या आणि फुटलेल्या लॅपटॉपची. यासाठी आमच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी येते. लोकलमध्ये बॅग गेली, किंवा पडदा तडकला, किंवा नोकरी सोडताना लॅपटॉप परत केला आणि महिनाभराने कळले की चार्जर मूळचा नाही, कोपरा घासला आहे. कंपनी शेवटच्या हिशेबातून सरळ साठ-सत्तर हजार कापून घेते. चार वर्षे वापरलेल्या यंत्राची नव्या यंत्राची किंमत! ज्या यंत्रावर कंपनीने चार वर्षे घसारा घेतला, वहीत ज्याचे मोल जवळपास संपले, ते आमच्या मुलाच्या खात्यात कोरे होऊन येते.

कायदा काय म्हणतो? वेतनातून मनाला येईल तशी कपात करता येत नाही, हे तत्त्व १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यापासून चालत आले आहे. अडचण एवढीच होती की त्या कायद्याला पगाराची मर्यादा होती. २०१७ पासून ती महिना २४ हजार रुपये होती, म्हणून बहुतेक प्रोग्रामर त्याच्या बाहेर राहत. वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिच्या व्याख्येत पगाराची अशी अट नाही. तिच्या कलम १८ प्रमाणे सांभाळायला दिलेल्या वस्तूच्या नुकसानीपोटी कपात करता येते, पण नुकसान कर्मचाऱ्याच्याच निष्काळजीपणामुळे थेट झालेले असले पाहिजे. एकूण कपात त्या काळातल्या वेतनाच्या ५० टक्क्यांहून जास्त चालत नाही. कलम २१ म्हणते की कपात नुकसानीच्या रकमेपेक्षा जास्त नको आणि आधी कर्मचाऱ्याला कारण दाखवण्याची संधी दिली पाहिजे. नोकरी सुटल्यावर उरलेले वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते करायचे, हे कलम १७ मध्ये आहे. शिवाय करार कायद्याची कलमे १५१ आणि १५२ आहेतच. सांभाळायला दिलेली वस्तू साधारण शहाणा माणूस स्वतःची वस्तू जशी जपेल तशी जपली असेल, आणि वेगळा करार नसेल, तर ती गेल्याबद्दल तो जबाबदार नाही. म्हणूनच कंपन्या रुजू होण्याच्या दिवशी कागदांच्या गठ्ठ्यात एक हमीपत्र घालून सही घेतात. गठ्ठा वाचायला दहा मिनिटेही देत नाहीत. आपण मागून घ्यायची.

साधन म्हटले की सगळ्यांना एकच साधन पुरत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. अंध प्रोग्रामर पडद्यावरचा मजकूर ऐकून काम करतो. त्यासाठी लागणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर २००६ पासून फुकट उपलब्ध आहे. तरी कंपनीच्या सुरक्षा नियमांत ते बसत नाही म्हणून बसवू देत नाहीत असे घडते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २१ ने खासगी आस्थापनेलाही समान संधीचे धोरण बंधनकारक केले आहे. धोरण भिंतीवर आहे आणि यंत्रात सॉफ्टवेअर नाही, अशी अवस्था चालणार नाही. डोळ्यांचेच निघाले म्हणून सांगतो, ब्रिटनमध्ये १९९२ पासून नियम आहे की पडद्यावर काम करणाऱ्याने मागितल्यास डोळ्यांची तपासणी मालकाच्या खर्चाने करायची, आणि केवळ त्या कामासाठी वेगळा चष्मा लागला तर तोही मालकाने द्यायचा. आपल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत मालकाने आरोग्याला धोका नसलेले कामाचे वातावरण ठेवावे असे मोघम म्हटले आहे. मोघम शब्दांत अर्थ भरण्याचे काम मागणी करणाऱ्यांचे असते.

आणि आता नवा प्रकार आला आहे. प्रोग्राम लिहायला मदत करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने २०२२ पासून मासिक शुल्कावर मिळू लागली. कंपनी म्हणते काम दुप्पट वेगाने हवे, परंतु वर्गणी भरायला तयार नसते. मग ज्याला परवडते तो स्वतःच्या क्रेडिट कार्डावर घेतो. परत तेच, करवत सुताराची. त्यात आणखी एक भीती अशी की स्वतःच्या खात्यातून कंपनीचा मजकूर बाहेरच्या यंत्रणेला दिला म्हणून शिस्तभंगाची कारवाई त्याच्यावरच होऊ शकते. वेग हवा तेव्हा डोळेझाक आणि अंगाशी आले की नियमावली. हे साधन कामाला लागत असेल तर कंपनीने तिच्या नावाने घ्यावे आणि टीममधल्या प्रत्येकाला द्यावे.

पगारवाढीची मागणी प्रत्येक जण बंद दाराआड एकट्याने करतो, म्हणून ती फसते. यंत्राची मागणी सगळ्यांची सारखी असते, ती एकत्र करता येते. टीममधल्या आठ जणांनी दोन आठवडे एका कागदावर फक्त नोंद करावी: आज यंत्रासमोर किती मिनिटे ताटकळलो. तो कागद आठ सह्यांनिशी ईमेलने पाठवावा. कामाच्या परिस्थितीबद्दलचा वाद हा कायद्याने औद्योगिक वाद ठरू शकतो. आणि पदनाम कन्सल्टंट असो, असोसिएट असो की लीड, न्यायालय प्रत्यक्ष काम काय ते बघते. तांत्रिक काम करणारा कामगाराच्या व्याख्येत येऊ शकतो. आपल्या शिकलेल्या मुलांना कामगार हा शब्द थोडा खाली ओढणारा वाटतो, हे आम्ही जाणून आहोत. पण कायद्याचे संरक्षण त्याच शब्दामागे आहे, आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांकडे जे खाते होते ते मजूर खातेच होते.

लॅपटॉप ताब्यात घेताना त्याचे चारही बाजूंनी फोटो काढावेत, क्रमांक लिहून घ्यावा, चार्जर-बॅग सकट पावती मागावी आणि परत करतानाही तसेच करावे. हमीपत्रात पूर्ण किंमत असे छापले असेल तर तिथे घसारा वजा जाता असे शब्द पेनाने लिहून मगच सही करावी. कोणाची कपात आधीच झाली असेल त्यांच्यासाठी आम्ही काही वकील मित्र दर रविवारी सकाळी धम्मवंदनेनंतर विहारात बसतो. नोटिशीचे पैसे घेत नाही. येताना नेमणूकपत्र, सही केलेले हमीपत्र, लॅपटॉपची पावती आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणाव्यात.